‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणजे नेमके काय?



कन्नमवार नगर असो, टागोर नगर असो की पार्कसाइट, शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस आले की विक्रोळीत घरोघर एक वाक्य ऐकू येते : ‘सर्व्हर डाऊन आहे.’ झेरॉक्सच्या दुकानात बसलेला मुलगा ते म्हणतो. कॉलेजच्या खिडकीतले बाबूही तेच म्हणतात. आपण मान डोलावतो आणि परत फिरतो. कामावरचा अर्धा दिवस बुडालेला असतो, रिक्षाचे पैसे गेलेले असतात. असे दोन-तीनदा झाले आणि शेवटची तारीख उलटली की घरात दोष कोणाला लागतो? मुलीला. ‘तूच उशीर केलास. आधीच भरायला काय झाले होते?’ बिचारी रडकुंडीला येते. रात्री अकरापर्यंत तिने मोबाइलवर किती वेळा प्रयत्न केला, याचा कागद तिच्याजवळ नसतो.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. त्या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्या शिष्यवृत्तीवर आपल्या कितीतरी घरांतली पहिली पिढी शिकली. पूर्वी तिचा अर्ज कागदावर असे, आता तो महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. कागदाचा अर्ज दिला की कारकून तारखेचा शिक्का मारून पोच देत असे. नेटवर अर्ज पूर्ण झाला तर त्याचीही पोच मिळते. पण साइट उघडलीच नाही, तर त्या न उघडण्याची पोच कोण देणार?

ही पोच प्रत्यक्षात मिळत असते. ती तीन आकड्यांची असते, आणि तिकडचा संगणक स्वतःच देत असतो. ती कशी वाचायची, आणि दहावी झालेल्या मुलाला ती संगणकाकडून आपोआप कशी लिहून घेता येईल, हे आज पाहू.

पोस्टमनचा शेरा

रजिस्टर पत्र परत आले की पाकिटावर पोस्टमनचा शेरा असतो. ‘पत्ता बदलला’, ‘या नावाचे कोणी राहत नाही’, ‘घेण्यास नकार’. पाकीट न फोडताही काय झाले ते आपल्याला कळते. नेटवरही असेच चालते. आपण साइटचा पत्ता टाकतो तेव्हा आपला मोबाइल दूरच्या एका संगणकाला विचारतो, ‘हे पान द्या.’ त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. तो आपल्याच शेजारच्या चांदिवलीतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये असेल, नाहीतर सातासमुद्रापार असेल. तो पान पाठवण्याच्या आधी एक ओळ पाठवतो. त्या ओळीत तीन आकडी अंक असतो. जाणकार त्याला स्टेटस कोड म्हणतात. साइट नीट उघडली तर मोबाइल तो आकडा आपल्याला दाखवत नाही. बिघडली तर कधी दाखवतो, कधी नुसतेच पांढरे पान दाखवतो.

हे आकडे कोणा एका कार्यालयाने किंवा कंपनीने आपल्या सोयीने ठरवलेले नाहीत. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९८९ ते १९९१ या काळात वेब उभे केले. दोन संगणकांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे जे नियम त्यांनी घातले त्यांना एचटीटीपी म्हणतात. मे १९९६ मध्ये ते नियम एका दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झाले, पुढे त्यांत सुधारणा होत गेल्या, आणि जून २०२२ मध्ये ते पुन्हा नव्याने मांडले गेले. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केले. तेव्हापासून आजवर ४०४ म्हणजे जिनिव्हात जे, तेच विक्रोळीत. या आकड्याला गाव नाही, भाषा नाही.

पहिला आकडा पाहा

तीन आकड्यांतला पहिला सर्वांत महत्त्वाचा. तेवढा कळला तरी निम्मे काम झाले.

दोनाने सुरू होणारा आकडा म्हणजे काम झाले. नेहमी दिसणारा २०० म्हणजे ‘विचारलेत ते मिळाले, हे घ्या पान’.

तीनाने सुरू होणारा म्हणजे ‘इथे नाही, तिकडे जा’. यात दोन प्रकार आहेत, आणि ते विक्रोळीकरांना समजावून सांगायला नकोत. आपले रेल्वे फाटक कायमचे बंद झाले, आणि १४ जून २०२५ रोजी उड्डाणपूल खुला झाला. आता फाटकाचा पत्ता विचारणाऱ्याला आपण कायमचेच पुलाकडे पाठवतो. हा झाला ३०१. रविवारी मेगाब्लॉक असला की धीमी गाडी जलद मार्गावर वळवतात, पण सोमवारी ती पुन्हा आपल्या मार्गावर येते. हा झाला ३०२, म्हणजे तात्पुरता वळसा. असा वळसा दिसला की आपल्याला कुठल्या पत्त्यावर नेले ते जरूर वाचावे. सरकारी साइटच्या पत्त्याचा शेवट बहुधा ‘गव्ह डॉट इन’ असा असतो. भलताच पत्ता दिसला तर तिथे एक अक्षरही भरू नये.

चाराने सुरू होणारा म्हणजे तिकडच्या संगणकाच्या मते विचारणाऱ्याच्या बाजूने काहीतरी चुकले आहे. ४०४ म्हणजे या पत्त्यावर असे पान नाही. ४०१ म्हणजे आधी ओळख पटवा. ४०३ म्हणजे तुम्हाला इथे प्रवेश नाही. ४२९ म्हणजे तुम्ही थोड्या वेळात फार वेळा विचारलेत, जरा थांबा. मात्र चार दिसला म्हणून लगेच मुलीवर ओरडू नये. पान तिकडच्यांनीच काढून टाकले आणि जुना पत्ता जाहिरातीत तसाच राहिला, तरीही ४०४ येतो.

पाचाने सुरू होणारा म्हणजे बिघाड त्यांच्या बाजूला आहे. आपण बरोबर विचारले, त्यांना देता आले नाही. हा आकडा नीट ओळखून ठेवा. ५०० म्हणजे आतच काहीतरी मोडले आहे. ५०३ म्हणजे खिडकी आहे, पण गर्दीमुळे किंवा दुरुस्तीमुळे आत्ता कामकाज होणार नाही. ५०२ आणि ५०४ हे जुळे भाऊ. पुढच्या खिडकीवरच्या बाबूने आपला कागद घेऊन आतल्या टेबलावर विचारले. आतून भलतेच उत्तर आले तर ५०२, आणि वेळेत उत्तरच आले नाही तर ५०४. दोन्हींत खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा काही गुन्हा नाही.

एकाने सुरू होणारेही आकडे आहेत, पण आपल्या रोजच्या कामात ते सहसा दिसत नाहीत.

आणि एक प्रकार असा, की आकडाच येत नाही. नुसते चक्र फिरत राहते. मग मात्र निर्णय घाईने करू नये. त्यांचा सर्व्हर कोलमडला असेल, किंवा आपलेच नेट गेले असेल, मोबाइलचा डेटा संपला असेल. अशा वेळी दुसरी एखादी नेहमी चालणारी साइट उघडून पाहावी. ती उघडली तर आपले नेट ठीक आहे. तीही उघडली नाही तर आधी आपले घर तपासावे.

१६ जुलै २०२१ ची दुपार

हे सारे कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांनी १६ जुलै २०२१ ची दुपार आठवावी. कोरोनामुळे त्या वर्षी दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली होती आणि शाळांनी केलेल्या अंतर्गत मूल्यमापनावरून निकाल तयार झाला होता. निकाल दुपारी १ वाजता नेटवर लागणार, असे जाहीर झाले. राज्यभरातले सुमारे १६ लाख विद्यार्थी, त्यांचे आईबाप, मामा, काका, शाळेतले शिक्षक, सगळे एकाच वेळी त्याच दारावर जाऊन थडकले. साइट उघडेना. निकालासाठी मुलांना कित्येक तास ताटकळावे लागले.

त्या दिवशी किती घरांत मुलांनी मोबाइल दहादा बंद करून चालू केला असेल! किती जणांना वाटले असेल, की आपला आसनक्रमांकच चुकला. आकडा वाचता येणाऱ्याला एका क्षणात कळले असते, की आसनक्रमांक तपासण्याचा हा प्रश्न नाही. दार उघडत नाही ते आतल्या गर्दीमुळे. मग मुलाला ‘जेवून घे, संध्याकाळी पाहू’ असे सांगता आले असते. तेवढी दुपार शांततेत गेली असती.

निकाल उशिरा लागला तरी लागतोच. अर्जाचे तसे नाही. अर्जाला शेवटची तारीख असते, आणि ती उलटली की वर्षाची फी बापाच्या पगारातून जाते.

रात्रपाळीचा पहारेकरी

आता स्क्रिप्टकडे वळू. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेली कामांची यादी. आपण सांगितलेले काम तो न कंटाळता, रात्रभर जागून करतो. गोदरेजच्या फाटकावर रात्रपाळीचा पहारेकरी जसा फेरी मारून वहीत वेळ टाकतो, तसेच हे काम आहे.

यासाठी लागणारे ‘कर्ल’ हे साधन फुकट मिळते. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी ते १९९८ मध्ये या नावाने लोकांपुढे ठेवले. विंडोज १० मध्ये २०१८ पासून ते आधीच बसवलेले येते, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवरही बहुधा सापडेल. पायथन शिकणारी मुले हेच काम पायथनमध्ये करू शकतात. वाट कोणतीही धरा, यादीत कामे एवढीच असतात :

पहिले काम. साइटचा पत्ता घ्यायचा आणि विचारायचे. पान छापायचे नाही, उत्तराचा आकडा तेवढा घ्यायचा.

दुसरे काम. १५ सेकंदांपेक्षा जास्त वाट पाहायची नाही. तेवढ्यात उत्तर आले नाही तर ‘आले नाही’ असेच लिहायचे. अशा वेळी कर्ल आकड्याच्या जागी तीन शून्ये लिहिते.

तिसरे काम. लगेच नेहमी चालणाऱ्या दुसऱ्या एका साइटचाही आकडा घ्यायचा. आपले नेट चालू होते याचा हा साक्षीदार.

चौथे काम. तारीख, वेळ, दोन्ही आकडे आणि उत्तराला लागलेले सेकंद एका ओळीत लिहून फाइलमध्ये ठेवायचे.

पाचवे काम. दहा मिनिटे झोपायचे आणि पुन्हा पहिल्या कामापासून सुरुवात करायची.

झाले. एकंदर दहा-बारा ओळींत हे बसते. कॉम्प्युटर शिकलेला शेजारचा दादा किंवा कॉलेजातली ताई अर्ध्या तासात लिहून देईल. सकाळी उठून पाहावे तर वही भरलेली. नमुना म्हणून सांगायचे तर : रात्री ९ वाजून १० मिनिटे, अर्जाची साइट ५०३, साक्षीदार २००. रात्री ९.२०, पुन्हा ५०३ आणि २००. रात्री ९.३०, तीन शून्ये आणि २००. पहाटे ५.४०, २०० आणि २००, उत्तर एका सेकंदात. एवढ्या चार ओळी वाचल्या तरी समजते, की संध्याकाळी बिघाड त्यांच्याकडे होता, आपले नेट चालू होते, आणि पहाटे दार उघडले. उद्या अर्ज भरायला पहाटे उठावे हेही त्यातच आले.

घरी संगणक नसेल तरी हरकत नाही. पानावर जो आकडा दिसेल तो मुलीने वहीत लिहावा, बाजूला तारीख-वेळ लिहावी आणि मोबाइलवर वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. पहारेकऱ्याचे काम माणसानेही होते, फक्त झोप मोडते.

काही पथ्ये

आता पथ्ये सांगतो, कारण औषध तेवढे घेतले आणि पथ्य सोडले तर अपाय होतो.

एक. २०० आला म्हणजे सगळे आलबेल, असे समजू नये. काही साइट बिघडल्या तरी ‘सेवा तात्पुरती उपलब्ध नाही’ असे लिहिलेले पान पाठवतात आणि वर आकडा मात्र २०० देतात. दुकान उघडे आहे, पण फळीवर माल नाही, असा हा प्रकार. म्हणून पानावर नेहमी असणारा एखादा शब्द, उदाहरणार्थ ‘लॉगिन’, सापडतो का तेही स्क्रिप्टने पाहावे. शिवाय पहिले पान उघडले तरी आत कागद चढवताना गाडी अडू शकते. ती अडचण स्क्रिप्टला दिसत नाही. तिथे स्क्रीनशॉटच कामाला येतो.

दोन. दर सेकंदाला विचारू नये. आपण दारावर धडका मारत राहिलो तर तिकडचा संगणक ४२९ किंवा ४०३ देऊन आपल्यालाच बाहेर ठेवील. त्याहून वाईट म्हणजे रांगेतल्या दुसऱ्या मुलांची वाट आपण अडवू. आधीच गर्दी, त्यात आपली भर नको. दहा मिनिटांनी एकदा पुरे.

तीन. ‘पान नको, वरची ओळ फक्त द्या’ असे विचारण्याची एक रीत आहे. काही सर्व्हर तिला ४०५ म्हणजे ‘ही रीत चालत नाही’ असे उत्तर देतात. मग साध्या रीतीने पान मागावे आणि आकडा तेवढा टिपावा.

चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. स्क्रिप्टमध्ये आपला आधार क्रमांक, पासवर्ड, ओटीपी, बँकेचा खाते क्रमांक यांपैकी काहीही लिहू नये. दार उघडे आहे का एवढेच विचारायचे आहे, त्याला घराची किल्ली लागत नाही. ‘मी स्क्रिप्ट लावून रात्रीत तुमचा अर्ज भरून देतो, पासवर्ड द्या’ असे कोणी म्हणाला, तर त्याला हात जोडून वाटेला लावावे.

वहीचा उपयोग काय?

या वहीला न्यायालयाच्या निकालाची किंमत आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ती आपण स्वतः केलेली नोंद आहे. पण नुसत्या तोंडी तक्रारीपेक्षा ती शंभर पटीने बरी. ‘साहेब, साइट चालत नव्हती’ असे म्हटले की समोरचा माणूस ‘सगळ्यांची कशी चालली?’ असे विचारून मोकळा होतो. त्याच जागी ‘अमुक तारखेला संध्याकाळी सहा ते रात्री बारा दर दहा मिनिटांनी तपासले, इतक्या वेळा ५०३ आले, त्याच वेळी दुसरी साइट चालू होती’ असा कागद टेबलावर ठेवला, की बोलण्याचा सूर बदलतो.

असा कागद जोडून कॉलेजच्या प्राचार्यांना आणि समाजकल्याण विभागाच्या सहायक आयुक्तांना अर्ज द्यावा, मुदतवाढ मागावी आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. एकट्याने देण्यापेक्षा वस्तीतल्या पाच-दहा मुलांनी आपापल्या वह्या जोडून एकत्र दिला तर अधिक चांगले. कन्नमवार नगरात, पार्कसाइटला आणि भांडुपला एकाच वेळी ५०३ आला असेल, तर तो एका घराच्या नेटचा दोष म्हणता येणार नाही.

याउपर माहितीचा अधिकार कायदा, २००५ आहेच. १० रुपये शुल्क भरून साधा प्रश्न विचारता येतो : अर्जाच्या शेवटच्या सात दिवसांत साइट किती तास बंद होती, कोणत्या वेळी, आणि त्याबद्दल काय कारवाई केली? दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते १० रुपयेही माफ आहेत. माहिती ३० दिवसांत द्यावी लागते. आपल्या वहीत तारीख-वेळ असली की प्रश्न नेमका विचारता येतो, आणि नेमक्या प्रश्नाला गोलमाल उत्तर देणे कठीण जाते.

वहीचा आणखी एक उपयोग आहे. कधीकधी तिच्यात आपलीच चूक सापडते. सारे आकडे २०० आणि अर्ज तरीही भरला नाही, तर मग साइटला बोल लावण्यात अर्थ नाही. आळस कोणाचा झाला हे घरात बसून पाहावे लागेल. वही दोन्ही बाजूंनी खरे बोलते, म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवता येतो.

भगिनींना आमचे विशेष सांगणे आहे. स्क्रिप्ट, कर्ल हे शब्द ऐकून ‘हे मुलांचे काम’ म्हणून बाजूला होऊ नका. भिशीचा, दुधाचा, रेशनचा हिशेब तारीखवार ठेवणाऱ्या तुम्हीच. ही त्याच जातीची वही आहे, फक्त ती संगणक लिहितो. वस्तीतल्या अभ्यासिकेत रविवारी दोन तास मुलामुलींना एकत्र बसवा. जी कॉम्प्युटर शिकली आहे तिने बाकीच्यांना शिकवावे. अर्जांची मुदत सुरू होण्याआधीच पहारेकरी कामावर रुजू असू द्या.

आणि यापुढे खिडकीवर कोणी ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणाले, तर न चिडता, न ओशाळता एवढेच विचारा : ‘दादा, आकडा कोणता येतोय?’